आईचे निवेदन आणि घराचा पत्ता : बालसंगोपनविषयक नियतकालिकांचा इतिहास, उदगीरच्या बाजूने

मराठी नियतकालिकांचा वाङ्मयीन इतिहास लिहिताना आपण एक चौकट नकळत गृहीत धरतो. नियतकालिक म्हणजे एका भूमिकेचे मुखपत्र, संपादक म्हणजे त्या भूमिकेचा प्रवक्ता आणि अंक म्हणजे वाङ्मयीन मतभेदांचे क्षेत्र, अशी ही चौकट आहे. ‘विविधज्ञानविस्तारा’पासून ‘सत्यकथे’पर्यंत आणि ‘सत्यकथे’च्या विरोधात उभ्या राहिलेल्या अनियतकालिकांपर्यंतची सारी मांडणी तिच्यात नीट बसते. बसत नाही ते एक साधे नियतकालिक : घरी राहून मुले वाढविणाऱ्या बाईने, मुले वाढविण्याविषयीच, आपल्यासारख्या इतर बायांसाठी काढलेले. अशा नियतकालिकाची नोंद झालीच तर ती स्त्रीशिक्षणाच्या, बालशिक्षणाच्या किंवा ‘गृहोपयोगी वाङ्मया’च्या प्रकरणात होते. समीक्षेच्या लेखी ती संहिता नसतेच. फार तर सामाजिक इतिहासाचे साधन असते.

ही वर्गवारी निष्पाप नाही. पन्नाशीच्या दशकातील ‘शब्द’ किंवा साठोत्तरी काळातील औरंगाबादचे ‘वाचा’ यांच्याविषयी आपण आदराने लिहितो, आणि ते योग्यच आहे. अपुरे भांडवल, राहत्या खोलीतून चालणारा व्यवहार, स्नेह्यांकडून गोळा केलेली वर्गणी, लांबणारे अंक, ही लक्षणे तेथे बंडखोरीची चिन्हे ठरतात. तीच लक्षणे एखाद्या आईने चालविलेल्या मासिकात दिसली की त्यांना ‘हौस’ म्हटले जाते. उत्पादनाची परिस्थिती तीच, पण तिचा अन्वयार्थ उलटा. हा उलटेपणा कोठून येतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा शोध उदगीरसारख्या ठिकाणाहून घेण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल. पुण्याहून पाहिले असता या इतिहासाचा एक मोठा भाग दिसतच नाही.

मराठी साहित्यात आईचा तुटवडा नाही. उलट, आई हे मराठी साहित्याचे फार आवडते आशयसूत्र आहे. परंतु या आईविषयी कोण बोलते, असा निवेदनमीमांसेचा साधा प्रश्न विचारला की चित्र बदलते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ घ्या. त्या पुस्तकाच्या शीर्षकातच षष्ठीचा प्रत्यय आहे. आई श्यामची आहे. ती श्यामच्या आठवणीत, श्यामच्या वाक्यांत आणि श्यामच्या अश्रूंत वावरते. ती संवादात बोलते, पण निवेदन करीत नाही. मुलाला वाढविण्याचे जे ज्ञान तिच्यापाशी आहे ते पुस्तकात संस्काराच्या रूपाने उतरते. त्या ज्ञानामागची शंका, कंटाळा, हिशेब, चुका हे काही उतरत नाही. उतरणे शक्यही नाही, कारण मुलाला ते कधी दिसलेलेच नसते. आईविषयीची मराठी कविताही बहुधा याच अंतरावरून लिहिली गेली आहे : बोलणारा मूल आहे आणि आई गेलेली आहे. आई बोलू लागण्याची पूर्वअट म्हणजे ती जिवंत असणे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाने फारशी मनावर घेतलेली नाही.

आईपणाविषयी स्त्रीने केलेले आधुनिक मराठी गद्य शोधू गेल्यास ते एका खटल्यापाशी सापडते. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवा स्त्रीला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. त्यावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीविषयी जे लिहिले गेले त्याचे उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला आणि तो १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची पाठराखण केली. त्यानंतर तो विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये त्याचे पुनःप्रकाशन केले. हा निबंध बालसंगोपनाचा नव्हे. पण मूल जगविणे आणि न जगविणे यांमागे कोणती समाजरचना उभी असते हा प्रश्न त्यात घरात बसून लिहिणाऱ्या एका बाईने विचारला आहे, आणि तो विचारताना तिची भाषा घरातल्या भांडणाची, म्हणून अत्यंत जिवंत आहे. आईपणावरचे आपले सार्वजनिक गद्य पाळण्यापाशी सुरू झाले नसून आरोपीच्या पिंजऱ्यापाशी सुरू झाले, हे पुढच्या साऱ्या इतिहासावर सावली टाकणारे वास्तव आहे. आईने स्वतःविषयी बोलायचे ते प्रथम उत्तर म्हणून, खुलासा म्हणून.

स्त्रियांनी स्वतः चालविलेली मराठी नियतकालिके याच सुमारास दिसू लागतात. माणकबाई लाड यांचे ‘आर्यभगिनी’ १८८६ चे. अशा नियतकालिकांतून गृहकृत्ये, आरोग्य, मुलांची निगा हे विषय येत राहिले. परंतु त्यांचा निवेदक बहुधा उपदेशक आहे. तो स्त्री असला तरी सुधारकाच्या सुरात बोलतो. वाचक स्त्रीला काही ठाऊक नाही हे तेथे गृहीत आहे. १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकाने हा सूर पुष्कळ सैल केला, वाचकांच्या पत्रांना आणि अनुभवांना जागा दिली. पण ‘स्त्री’ हे किर्लोस्करांच्या कारखान्याच्या पाठबळावर उभे असलेले मासिक होते. घरातून निघालेले नव्हे.

येथपर्यंतचा इतिहास मुंबई-पुण्याचा झाला. उदगीरच्या बाजूने पाहू गेल्यास तो वेगळा लिहावा लागतो. उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदरचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, जोडले गेले; लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. विकाराबाद-परळी लोहमार्गावरील या गावाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे. कारभाराची भाषा उर्दू, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, बाजारात मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि दखनी. संस्थानात वृत्तपत्र काढणे ही परवानगीची बाब होती. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकाला १९३७ नंतर बंदीमुळे काय हाल सोसावे लागले आणि संस्थानाबाहेरून, नावे बदलून ते कसे चालवावे लागले, हे सर्वश्रुत आहे. राजकीय पुरुषांची ही स्थिती असताना उदगीरच्या एखाद्या गृहिणीने मुलांच्या संगोपनावर मराठी मासिक काढावे ही कल्पनाही असंभाव्य होती.

म्हणून तेथे काही नव्हते, असा निष्कर्ष मराठवाड्याच्या वाङ्मयेतिहासात सहज काढला जातो. ‘मागासलेपण’ हा शब्द आपल्याकडे तयारच असतो. पण ही चूक एका भाषेपुरते पाहिल्याने होते. उर्दूकडे वळून पाहावे. लाहोरला १८९८ मध्ये मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ हे साप्ताहिक सुरू केले. संपादन मुहम्मदी बेगमांचे. सुरुवातीचे अंक प्रतिष्ठितांच्या घरी मोफत पाठविले असता कित्येक शिव्या लिहून परत आले, असे त्या साप्ताहिकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. १९०५ च्या सुमारास मुहम्मदी बेगमांनी ‘मुशीर-ए-मादर’ नावाचे आणखी एक नियतकालिक काढले. शब्दशः अर्थ, आईची सल्लागार. त्या वेळी त्यांचा मुलगा, म्हणजे पुढे ‘अनारकली’ नाटकाने प्रसिद्ध झालेले इम्तियाज अली ताज, पाचेक वर्षांचा होता. नियतकालिक अल्पजीवी ठरले आणि १९०८ मध्ये मुहम्मदी बेगमांचे अकाली निधन झाले. तरीही पडद्यातल्या घरात राहून, लहान मूल वाढवीत असताना, इतर आयांसाठी नियतकालिक चालविणारी संपादिका आपल्या उपखंडात विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात होऊन गेली, आणि तिची भाषा उदगीरच्या कचेरीची भाषा होती. खुद्द हैदराबादेत १९१९ मध्ये सुग़रा हुमायूँ मिर्झा यांनी ‘अन्-निसा’ हे स्त्रियांचे मासिक सुरू केले. निजामाच्या मुलखातील स्त्रियांच्या मुद्रित अवकाशाचा इतिहास या नावांवाचून लिहिता येणार नाही. मराठीचा अभ्यासक उर्दू वाचत नाही, ही त्या इतिहासाची नव्हे, आपली उणीव आहे.

अर्थात उर्दू वाचू शकणारी घरे थोडी आणि त्यांतील वाचणाऱ्या स्त्रिया त्याहून थोड्या. बाकीच्यांचे काय? त्यांचे संगोपनशास्त्र छपाईत नव्हते. ते जात्यावर होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी ऐंशीच्या दशकापासून खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे आणि मराठवाड्यातील गायिकांचा त्यात मोठा वाटा आहे. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दस्तऐवज-प्रकल्पातून क्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. ओवी ही लोकगीत म्हणून अभ्यासली गेली, स्त्रीदुःखाचा उद्गार म्हणूनही. तिच्यात मूल वाढविण्याचे जे ज्ञान व्यवहारात आहे त्याकडे मात्र कमी लक्ष गेले. न्हाऊमाखू, टाळू भरणे, घुटी, शेक, पाचवीला सटवाईची पूजा, दृष्ट, कुंची, बोरन्हाण, पहिले पाऊल, माहेरहून येणारा बाळंतविडा. यांतील काही आरोग्याला हितकर, काही निरर्थक, काही घातकही. पण महत्त्वाचे असे की हे ज्ञान एका बाईकडून दुसरीकडे जाताना त्यात ‘मी’ असतो. गाणारी स्वतःच्या मुलाविषयी गाते, स्वतःच्या गावाचे नाव घेते, आणि ऐकणारी शेजारीण त्यात आपली ओळ घालते. उपदेशक निवेदक येथे नाही. निवेदक आणि श्रोता एकाच जात्याच्या खुंट्याला धरून बसलेले असतात.

या ओव्यांचा एक संकेत आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. मुलगा ‘राघू’ असतो आणि मुलगी ‘मैना’. मुलाचे खरे नाव प्रत्येक ठिकाणी उघडे पडत नाही. याचे लोकसमजुतीतले कारण दृष्ट लागण्याची भीती हे असेल. पण वाङ्मयीन परिणाम निराळाच होतो. आई अगदी खाजगी गोष्ट चारचौघींत बोलते, आणि तरीही मूल सुरक्षित राहते. आईचा अनुभव सार्वजनिक होतो, मुलाचे आयुष्य होत नाही. मूल वाढविण्याविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक आईपुढे हाच पेच उभा असतो : जी गोष्ट माझी आहे ती त्याचीही आहे, आणि त्याची संमती मी घेतलेली नाही. फिलिप लेजन यांनी १९७५ मध्ये मांडलेला आत्मचरित्रात्मक करार लेखक, निवेदक आणि पात्र यांच्या एकनामतेवर उभा आहे. आईच्या लेखनात त्या करारात एक तिसरा पक्ष असतो, आणि तो अज्ञान असतो. कायद्याच्या अर्थाने अज्ञान. लेजन यांच्या विवेचनात या पक्षासाठी जागा नाही. जात्यावरच्या बाईने मात्र ती करून ठेवली होती.

याला समांतर असे एक इंग्रजी उदाहरण येथे नोंदविणे उचित होईल. ‘नर्सरी वर्ल्ड’ या ब्रिटिश साप्ताहिकात १९३५ मध्ये ‘युबिक’ या टोपणनावाने आयर्लंडमधील एका आईचे पत्र छापून आले. लहान मुले, जवळपास बोलण्यास कोणी नाही, पुस्तकांना पैसे नाहीत. कोणी उपाय सांगेल काय, अशा आशयाचे. उत्तरादाखल जमलेल्या आयांनी एक खाजगी नियतकालिकच सुरू केले. प्रत्येकीने लेख लिहून पाठवायचा, संपादिकेने ते एकत्र बांधून भरतकाम केलेल्या कापडी वेष्टनात घालायचे, आणि एकच प्रत टपालाने घरोघर फिरायची. वाचणारीने समासात आपले म्हणणे लिहायचे. सर्वजणी टोपणनावांनी लिहीत. हा व्यवहार १९९० पर्यंत चालला. छपाईखाना नाही, परवाना नाही, विक्री नाही. आपल्याकडच्या हस्तलिखितांशी आणि जात्याशीही त्याचे नाते आहे : समासातली शेजारणीची ओळ.

मराठीत घर आणि नियतकालिक यांचे नाते सर्वांत ठळकपणे दिसते ते मात्र एका निःसंतान दांपत्याच्या बाबतीत, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूनंतरच्या महिन्यापर्यंत, ते निघत राहिले. नोकरी गमावलेली, कोर्टकचेरी चाललेली, आणि संसार पत्नी मालतीबाईंच्या साथीवर उभा. मूल होऊ न देण्याचा विचार ज्या घरातून छापून निघाला त्या घरातील स्त्रीच्या श्रमाने ते मासिक तगले, याची दखल कर्व्यांच्या गौरवग्रंथांत एका परिच्छेदापुरती येते.

ताराबाई मोडक यांचे उदाहरण याहून आपल्या विषयाच्या जवळचे. राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालविली. लहान मुलीची जबाबदारी एकटीने पेलणारी ही आई घरी राहणारी नव्हती. पण तिच्या गद्याने एक मूलगामी बदल केला : मुलाकडे पाहण्याची जागा बदलली. ‘मुलाला वळण कसे लावावे’ याऐवजी ‘मूल काय करीत आहे ते आधी पाहा’ असा तो बदल होता. निरीक्षण हा मराठी गद्याचा गुण आपण निसर्गवर्णनात आणि व्यक्तिचित्रांत शोधतो. जमिनीवर बसून मण्यांशी खेळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचे तासाभराचे निरीक्षण हे त्याच गुणाचे अपत्य आहे, हे मान्य करण्यास काय हरकत असावी? १९४५ मध्ये बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये काम करताना ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो भाषेचा. शहरी पालकासाठी घडविलेली ही पारदर्शक मराठी कोसबाडच्या पाड्यावरच्या आईशी बोलत नव्हती. ‘शिक्षणपत्रिका’ पुढे अनुताईंनीही सांभाळली, परंतु तो पाड्यावरचा आवाज निवेदक म्हणून पत्रिकेत कितपत आला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

तो आवाज आला, पण दुसऱ्याच वाटेने. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा मालाचे लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतून त्या वाचू लागल्या आणि गिऱ्हाईक नसताना लिहू लागल्या. लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’त क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूप झाले. महारवाड्यातील कोवळ्या वयातली बाळंतपणे, ओल्या बाळंतिणीची उपासमार, सुईणींचे अघोरी उपचार, दगावणारी मुले यांचे तेथे जे वर्णन आहे त्यापुढे तोवरचे सारे बालसंगोपनविषयक मराठी लेखन पोटभर जेवलेल्यांचे लेखन वाटू लागते. दलित आत्मकथन म्हणून या पुस्तकाची चर्चा भरपूर झाली. मूल वाढविण्याच्या परिस्थितीविषयीची संहिता म्हणून त्याचे वाचन व्हावयास हवे. ‘स्त्री’सारख्या मासिकात ते छापले जाणे हीही एक अर्थपूर्ण घटना होय : ज्या पानांवर टाळूला तेल किती घालावे याची चर्चा होत होती, त्याच मासिकाच्या पानांवर तेलच नसलेले घर आले.

१९८७ मध्ये संजीवनी कुलकर्णी यांनी पुण्यात ‘पालकनीती’ हे मासिक सुरू केले. मूल वाढविणे या एकाच विषयाला वाहिलेले, कोणत्याही उद्योगगृहाचे पाठबळ नसलेले, वर्गणीदारांच्या आणि स्नेह्यांच्या बळावर चाललेले हे मासिक पुढे संपादकांच्या गटाने चालविले आणि १९९६ मध्ये ‘पालकनीती परिवार’ हा न्यास झाला. त्याच सुमारास वस्तीतील मुलांसाठीचे ‘खेळघर’ त्यातून उभे राहिले. या मासिकाच्या वैचारिक कार्याची चर्चा येथे करावयाची नाही. त्याच्या नावाचा पहिला शब्द मात्र थांबून पाहण्यासारखा आहे.

‘पालक’ हा शब्द मराठी घरात आईच्या तोंडी नव्हता. तो शाळेच्या दाखल्यावरचा, प्रगतिपुस्तकावरचा शब्द : ‘पालकाची सही’. ती सही वडिलांची असावयाची. कायद्यातही तसेच होते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे पिता, आणि त्याच्यानंतर माता. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईच्या ताब्यात असावे, म्हणजे रात्री उठावे आईने, आणि पालक म्हणून ओळख पित्याची. ‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ प्रदीर्घ काळ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असाच लावला गेला. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून स्वतः सही केली असता ती नाकारण्यात आली. त्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी १९९९ रोजी ‘नंतर’ याचा अर्थ ‘गैरहजेरीत’ असाही होतो, असे ठरविले. म्हणजे एका अव्ययाच्या अर्थावर पंधरा वर्षे खर्ची पडली. वाचनाचे राजकारण म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण नाही. हा निकाल लागण्याच्या बारा वर्षे आधी एका स्त्रीने मासिक काढून त्याला ‘मातृनीती’ नव्हे, ‘गृहिणीनीती’ नव्हे, तर ‘पालकनीती’ असे नाव दिले. नावाने बापालाही जबाबदार धरले आणि आईलाही पालक केले. एकाच शब्दाने दोन्ही बाजूंनी केलेले हे काम आहे. ‘संगोपन’ या शब्दात गोपन आहे, राखणे आहे. ‘नीती’ या शब्दात विचार आहे, निवड आहे, आणि म्हणून मतभेदाला जागा आहे. वर ज्या चौकटीचा उल्लेख केला तिच्या भाषेत सांगावयाचे तर ही भूमिका होती आणि हे मुखपत्रच होते. आपण ते वाङ्मयीन मानले नाही, इतकेच.

आणखी एका मजकुराकडे लक्ष वेधतो, ज्याला मजकूर म्हणावे काय असा प्रश्न पडेल. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक-नोंदणी अधिनियमाप्रमाणे नियतकालिक काढणाऱ्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यापुढे निवेदन करावे लागे : मी अमुक, या नियतकालिकाची मुद्रक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ अमुक. हा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. जुन्या व्यवस्थेत १९५६ च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापावा लागे. प्रकाशनस्थळ, कालावधी, मुद्रकाचे नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता, संपादकाचे नाव, मालकाचे नाव. लहान नियतकालिकांच्या मार्च महिन्याच्या अंकाच्या तळाशी बारीक टाइपात हा तक्ता असे आणि आपण तो न वाचता पान उलटीत असू. घरातून चालणाऱ्या मासिकाच्या बाबतीत या तक्त्यात तोच पत्ता पुन्हा पुन्हा येतो : मुद्रकाच्या ओळीचा अपवाद सोडता प्रकाशन, संपादन, मालकी यांचा पत्ता एकच, आणि तो राहत्या घराचा. लग्नानंतर जे नाव आणि जो पत्ता तिला दुसऱ्याकडून मिळाला, तोच येथे संपादक आणि मालक या शब्दांपुढे उमटतो. खाजगी आणि सार्वजनिक यांतील सीमारेषेविषयी आपण हाबरमास उद्धृत करून पानेच्या पाने लिहितो; ती रेषा ओलांडली गेल्याची शासनमान्य नोंद या तक्त्यात आहे. ‘आर्यभगिनी’च्या काळी हा तक्ता नव्हता, आणि उदगीरच्या बाईला १९४८ पूर्वी निवेदन करण्याचा हा मार्गच नव्हता. जात्यावर ती आपल्या गावाचे नाव घेई, ते तिचे प्रकाशनस्थळ.

उदगीरमध्ये एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. सीमाभाग, बहुभाषिकता, मराठवाड्याचा अनुशेष हे अशा व्यासपीठावरचे ठरलेले विषय. बहुभाषिकतेचा खरा प्रश्न मात्र चूल आणि पाळणा यांच्या परिसरातला आहे. या भागात आजीची कानडी किंवा तेलुगू, शेजारणीची दखनी, आईची मराठवाडी आणि शाळेची प्रमाण मराठी, अशा चार स्तरांतून कित्येक मुलांची वाढ होते. मूल कोणत्या भाषेत रडले म्हणजे त्याला भूक लागली असे समजावे, असे गमतीने म्हणता येईल. पण बालसंगोपनविषयक मराठी मासिकांचा लक्ष्य वाचक एकभाषिक आहे. त्याच्या घरात आजी आहे, पण आजीची भाषा वेगळी नाही. भाषाशिक्षणावर तेथे लेख येतात ते मराठी की इंग्रजी या द्वंद्वाचे. कानडी आजीशी बोलणे थांबल्याने मुलाचे काय हरवते, हा प्रश्न त्या द्वंद्वाच्या बाहेर पडतो. तो विचारणारी आई उदगीर, देगलूर, निलंगा येथेच भेटेल, कारण तो तिच्या स्वयंपाकघरातील प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव येते. दाखल्यावर आई आली. नियतकालिकांच्या सूचीत, ग्रंथालयांच्या बांधीव खंडांत आणि विद्यापीठांच्या अभ्यासपत्रिकांत ती अजून यावयाची आहे. ‘स्त्री’चे किंवा ‘शिक्षणपत्रिके’चे खंड निदान काही ठिकाणी पाहावयास मिळतात; वर्ष-दोन वर्षे चालून बंद पडलेल्या घरगुती मासिकांचे अंक बहुधा त्या त्या घरातील माळ्यावरच असतात, आणि माळा साफ करण्याचे काम दिवाळीपूर्वी ज्या बाईकडे असते, तिनेच कधीकाळी ते काढलेले असतात.